डिकीवर एक थाप

१

रविवारचं जेवण उरकलं की गंगाधर बिराजदार मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसायचा. मांडीवर स्टीलचं ताट, ताटात जुन्या गाड्यांचे स्विच. कुणी वाकलेली लिव्हर पाठवायचं, कुणी नुसता सांगाडा. शाळेत पदार्थविज्ञान शिकवून लवकर निवृत्ती घेतलेल्या माणसाला हा उद्योग बरा होता. स्विच हातात आला की तो पाठीमागच्या पिना बघायचा, मग कानाजवळ नेऊन एक खटका द्यायचा. वायपरचा स्विच मधल्या घराशी अडखळतो. हॉर्नच्या बटणाला खटका असा नसतोच. दिव्याच्या स्विचचा खटका कोरडा आणि सरळ.

या रविवारी ताट रिकामं होतं. आज त्याने स्वतःची गाडी उघडली होती.

फियाट दोन वर्षं शेडमध्ये उभी होती. पुढच्या रविवारी मंद्रूपहून मंजुनाथ येऊन ती घेऊन जाणार होता. मंजुनाथ त्याच्याच शाळेतला जुना सहकारी. शेतावर त्याने अशा तीन-चार म्हाताऱ्या गाड्या सांभाळल्या होत्या. ही व्यवस्था पायलने, म्हणजे गंगाधरच्या लेकीने, पुण्यात बसून फोनवर लावली होती. "बाबा, ती गाडी घरात आहे तोवर तुम्ही शेडमध्येच राहणार," असं ती म्हणाली होती.

गाडीचे मूळ स्विच कधीच गेले होते. आधीच्या मालकाने बाजारात मिळाले ते, एकाच छापाचे, ओळीने बसवलेले. वर नाव नाही, खूण नाही. वायरींचे रंग धुळीने एकसारखे तपकिरी झालेले. एके काळी गंगाधरचा हात न बघता त्यांवर जायचा. आता बोट ओळीवर ठेवलं तर कुठला कशाचा ते आठवेना.

मग त्याने नेहमीची पद्धत धरली. बॅटरी चार्ज करून जोडली आणि तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला. गाडीचं तोंड अंगणाकडे, पाठ शेडच्या चुना लावलेल्या भिंतीकडे. मागचा दिवा लागला की भिंतीवर तांबूस उजेड पडतो आणि तो आरशात दिसतो. एकट्याने ओळखायचं तर असंच.

पहिला स्विच दाबला, वायपर कण्हला. पांढऱ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर 'वायपर' लिहून त्याने तो खाली चिकटवला. दुसऱ्याने छतातला बारका दिवा लागला. तिसरा दाबला. आरशात पाहिलं. पत्र्याच्या फटींतून ऊन आत आलेलं, भिंत नुसती पांढरी झगझगत होती, काही कळेना.

"बघ गं," तो म्हणाला.

डिकीवर थाप पडली. एक.

गंगाधरने मान डोलावली, पट्टीवर 'मागचा' लिहिलं, ती तिसऱ्या स्विचखाली नीट दाबून बसवली आणि बोट चौथ्यावर नेलं.

तिथे ते थांबलं.

शेडमध्ये कुणी नव्हतं. घरातही कुणी नव्हतं. प्रेमलाला, त्याच्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली होती.

मार्चमधलं सोलापूरचं ऊन. पत्रा तापतो, फुगतो, ठण्णकन वाजतो. हे त्याने वर्गात फळ्यावर काढून शिकवलं होतं. तो खाली उतरला, मागच्या बाजूला निघाला, आणि मागच्या चाकापाशी येऊन उभा राहिला. डिकीची कड तिथून दिसत होती. आणखी दोन पावलं टाकली असती तर दिवाही दिसला असता. तो तसाच वळला आणि घरात जाऊन पाणी प्यायला.

२

प्रेमला बार्शीची. तिच्या माहेरी दिवेलागणीच्या वेळी दिव्याला 'नाही' म्हणत नसत. विझला म्हणत नसत, शांत झाला म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी गाडीचे दिवे तपासताना गंगाधरने आतून ओरडून विचारलं होतं, "लागला का?" आणि मागून काही उत्तरच आलं नव्हतं. तो चिडून उतरला, तर ती पदर सावरत उभी.

"अगं, तोंड नाही का तुला?"

"आहे की. पण तिन्हीसांजेला नाही कसं म्हणू? तुमचा दिवा लागेना."

"मग मला आत कळायचं कसं?"

तिने विचार केला आणि डिकीवर हात आपटला. "एक थाप, लागला. दोन थापा, पुन्हा बघा. झालं?"

तेव्हापासून तेच चाललं. इंजिन सुरू असलं, काचा वर असल्या, तरी थाप सीटच्या पाठीतून थेट अंगात यायची. पायल लहान असताना मागच्या सीटवर बसून ओरडायची, "एकच! बाबा, एकच!"

त्या दिवशी ते होटगीहून परत येत होते. अंधार पडायला लागलेला. उसाचे दिवस, रस्त्यावर चिपाडं पसरलेली. मागचा दिवा लागतोय की नाही याची गंगाधरला खात्री वाटेना, म्हणून त्याने गाडी कडेला घेतली.

"बसा तुम्ही," प्रेमला म्हणाली. "मी बघते."

त्याने तिसरा स्विच दाबला. डिकीवर थाप पडली. एक. मग ट्रॅक्टरचा आवाज आला, मागे उसाच्या दोन ट्रॉल्या. गाडीच्या काचा थरथरल्या, आणि तो आवाज पुढे निघून गेला. गाडीला ओरखडाही नव्हता. प्रेमला मात्र रस्त्यावर पडलेली होती.

ट्रॅक्टर चालवणारा मायाप्पा होटगीकडचाच. दिवसकार्य झाल्यावर तो आपणहून घरी आला, पायरीवरच बसला, आत या म्हटलं तरी आला नाही.

"सर, शप्पत घेऊन सांगतो," तो म्हणाला. "गाडीला मागं दिवाच न्हवता. असता तर लांबनंच वळवली असती की. काळं कायतरी दिसलं. बाईंचा हात वर हुता. तेवढंच बघितलं मी."

"हात वर होता म्हणजे? तुला थांबवायला?"

"तसं न्हाय वाटलं. माझ्याकडं तोंड न्हवतं त्यांचं. गाडीकडं हुतं." त्याने स्वतःचा हात वर करून दाखवला, तळवा खाली वळवलेला. मग तो हात गुडघ्यावर ठेवून रडायला लागला.

गंगाधरने त्याला चहा दिला. त्याच्यावर राग धरावा असं त्याला तेव्हाही वाटलं नाही, नंतरही नाही. प्रश्न मायाप्पाचा नव्हताच. थाप एक पडली होती. ती पुरती होती की दोनांतली पहिली, एवढंच त्याला हवं होतं. पुरती असेल तर दिवा लागला होता, प्रेमला तांबड्या उजेडात उभी होती, आणि चूक दुसऱ्या कुणाची होती. पहिली असेल तर तिला अंधारात उभं करून तो आत दुसरीची वाट बघत बसला होता.

पोलिसांनी गाडी नेली तेव्हा स्विच बंद होता. बंद कुणी केला हेही त्याला आठवत नव्हतं.

३

सोमवारी केराबाई अंगण झाडायला आली. प्रेमला होती तेव्हापासूनची बाई, बोलणं फटकळ, पण प्रेमलाच्या माघारी गंगाधर दोन वेळा जेवतो की नाही यावर तिचाच डोळा असायचा.

"मास्तर, गाडी धुऊ का?" तिने शेडमधून हाक मारली. "लई धूळ बसलीया. मंजुनाथ मास्तर म्हणतील, बिराजदारानं कोंबड्या पाळल्या हुत्या का काय हिच्यात."

"आज नको. शनिवारी धू."

"आन् ह्यो डिकीवर हात कुणाचा?"

गंगाधर व्हरांड्यात पेपर वाचत होता. त्याने पेपर खाली ठेवला.

"कसला हात?"

"ह्यो काय. धुळीत. पोरं येत्यात का हितं खेळाया?"

"फोटो काढ," तो म्हणाला. आपण हे का म्हणालो ते त्याचं त्यालाही कळलं नाही. उठून चार पावलं जाणं सोपं होतं.

"मला न्हाय येत बाई त्यातलं." पण तिने त्याचा मोबाईल नेला, आणि बराच वेळ खुडबुड करून आणून दिला. फोटो तिरका आला होता. डिकीच्या निळ्या पत्र्यावर जाड धूळ, आणि त्यात पंजा. पाचही बोटं रुतलेली, जोरात मारल्यासारखी. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी.

गंगाधरने स्वतःचा उजवा हात पेपरवर ठेवला. लहानपणी क्रिकेट खेळताना मोडलेली करंगळी, तशीच जुळलेली.

त्याला हायसं वाटलं. आपलाच हात. बॅटरी आणताना, सामान ठेवताना, कधीतरी टेकला असेल. प्रेमलाचा हात याच्या निम्माही नव्हता, आणि ती मारायची तेव्हा बांगड्याही वाजायच्या. काल बांगड्या वाजल्या नव्हत्या. पत्राच वाजला होता.

"शेजारी आनिक एक हाय की," केराबाई म्हणाली. "पर त्यो निस्ता टेकल्यावानी."

त्याने फोटो मोठा केला. पहिल्या पंज्याच्या बाजूला दुसरा होता. धूळ जेमतेम दबलेली, कुणी आवाज होऊ नये म्हणून हळूच ठेवल्यासारखा. त्याचीही करंगळी वाकडी.

"मास्तर, जेवला का काल?"

"जेवलो."

"मग तोंड असं का?"

रात्री झोपताना त्याने आठवून पाहिलं. बॅटरी त्याने पुढून बसवली होती. सामान पुढच्या सीटवर ठेवलं होतं. दोन वर्षांत तो गाडीच्या मागे गेलाच नव्हता. ती जागा टाळून शेडमध्ये कसं फिरायचं हे त्याच्या पायांना पाठ होतं. मग धूळ बसायच्या आधीचा हात असेल का? पण मग तोही धुळीखाली गेला असता. हे गणित त्याने परत परत मांडलं आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी ते अडलं.

४

मंगळवारी त्याने बॅटरीची तार काढली, तिसरा स्विच डॅशबोर्डातून सोडवला आणि स्वयंपाकघरात आणला. इथे उजेड चांगला येतो. ओट्याला लागून छोटं टेबल. त्यावर प्रेमला भाजी निवडायची.

दोन वर्षं त्याने हा स्विच उघडला नव्हता. कुणी विचारलं तर तो सांगायचा, वेळ मिळाला नाही. खरं असं होतं की उघडल्यावर जे दिसेल ते कायमचं दिसेल.

कडेचे कान त्याने पेचकसाने अलगद उचलले. आत तांब्याची जीभ, खाली टेकायचा ठिपका, मधे स्प्रिंग. जीभ अर्धी काळी पडली होती, जळलेली. उरलेली अर्धी लख्ख. त्याने लिव्हर हळू ढकलली. काळा भाग ठिपक्यावर आला. थोडी अधिक रेटली. लख्ख भाग आला. एक बल्ब आणि दोन वायरींचा त्याचा टेस्ट लॅम्प त्याने जोडून पाहिला. नुसतं ढकललं तर बल्ब अंधारा. शेवटपर्यंत रेटलं तर लागतो.

म्हणजे स्विचला विचारून उपयोग नव्हता. दिवा लागला की नाही हे त्या संध्याकाळी त्याच्या अंगठ्याने किती जोर दिला यावर होतं. तो अंगठा आता टेबलावर होता आणि त्यालाही काही आठवत नव्हतं.

त्याने पॉलिश पेपर काढला. जीभ घासली की स्विच नव्यासारखा होईल, आणि मग ती संध्याकाळ त्यातून कायमची पुसली जाईल. पेपर त्याने परत ड्रॉवरमध्ये ठेवला. स्विच बंद केला, कान दाबले, आणि नीट बसला की नाही हे पाहायला एक खटका दिला.

शेडमधून थाप ऐकू आली.

स्वयंपाकघराचं दार बंद होतं. मधे व्हरांडा, अंगण. स्विच त्याच्या हातात होता, त्याला वायर नव्हती. गंगाधरने घड्याळाकडे पाहिलं, का ते माहीत नाही. नळाखाली भांड्यात पाणी ठिबकत होतं. त्याने स्विच परत दाबला.

थाप. एकच.

मांजर असेल. शेजारच्या पोरांचा चेंडू असेल. ऊन अजून तापलेलं होतं, पत्रा वाजतच असणार. आपण खटका देतो तेव्हाच तो आपल्याला ऐकू येतो, एवढंच. मुलांना तो हेच सांगायचा, जे मोजायचं ठरवतो तेच दिसतं. त्याने स्विच खाली ठेवला आणि खटका न देता वाट पाहिली. काही वाजलं नाही. मग तो हळूच पुटपुटला, "दुसरी?"

काही नाही. नळ ठिबकत राहिला. ही शांतता साधी नव्हती. कुणीतरी हात वर धरून थांबलंय अशी ती होती, आणि तो हात कुठल्याही क्षणी खाली येईल म्हणून गंगाधरचे खांदे आक्रसले होते. बराच वेळ तो तसाच बसून राहिला. हात खाली आला नाही.

पायलचा फोन आला तेव्हा बाहेर अंधार झाला होता.

"बाबा, आवाज का असा येतोय? झोपला होता का?"

"नाही गं. स्विच बघत होतो. तिसरा."

"उघडलात?"

"उघडला."

"मग?"

"अर्धा चांगला आहे."

"बाबा, साफ करा तो आणि बसवून टाका. मंजुनाथ काका हायवेवरून गाडी नेणारेत, दिवा लागायला हवा." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्यात काही उरलेलं नाही हो. मीही दोन वर्षं तेच करतेय. मी त्या दिवशी फोन केला होता ना, लवकर निघा म्हणून. नसता केला तर तुम्ही उशिरा निघाला असता, आणि ट्रॅक्टर आधीच निघून गेला असता का? काही कळत नाही त्यातून."

"कळायला पाहिजे," गंगाधर म्हणाला.

"का?"

गंगाधरने स्विच टेबलावर उलटा करून ठेवला.

"शनिवारी मी येते," ती म्हणाली. "भाकरीचं पीठ आहे का घरात? की केराबाईच्या जिवावर चाललंय?"

५

पायल शनिवारी दुपारी आली. आल्या आल्या तिने फ्रीज उघडून नाक दाबलं, केराबाईने त्यावर दहा गोष्टी सुनावल्या, दोघींनी मिळून गाडी धुतली. गंगाधर व्हरांड्यातून बघत होता. निळा रंग परत वर आला. डिकी पुसली तेव्हा केराबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. जाताना तेवढं म्हणाली, "आता न्हाय काय तिथं."

स्विच त्याने न घासताच परत बसवला होता. वायरी जोडताना हाताला काळं ग्रीस लागलं. फडक्याला पुसलं तरी पुरतं निघालं नाही.

ऊन उतरलं. शेजारच्या घरात कुणी निरांजन लावलं असावं, घंटेचा बारीक आवाज आला.

"चला, दिवे बघून घेऊ," पायल म्हणाली. "मी आत बसते, तुम्ही मागे उभे राहा."

"मी आत बसतो."

"बाबा, कुठला स्विच किती रेटायचा ते मला कळायला नको का? उद्या काकांना मीच सांगणार आहे. जा की मागे." तिने त्याच्या पाठीला हात लावला. "मी आहे ना इथे."

तिच्या हाताने त्याला चार पावलं नेलं. उरलेली तो स्वतः चालला. भिंत आणि डिकी यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढीच जागा होती. भिंतीला दिवसभराचं ऊन होतं, पाठीला ऊब लागत होती. इथून गाडी वेगळीच दिसायची. इतक्या वर्षांत त्याने ती इथून कधी पाहिली नव्हती. हे नेहमी प्रेमलाने पाहिलेलं. मागची काच बाहेरून स्वच्छ होती पण आतून धुरकट. शेडमध्ये अंधार भरत चालला होता.

दार लागल्याचा आवाज आला. सीट करकरली.

"दाब," तो म्हणाला.

खटका ऐकू आला. कोरडा, सरळ. त्याने खाली दिव्याकडे पाहिलं.

दिव्याकडे त्याने नीट पाहिलं. उजवीकडच्या, मग डावीकडच्या. लाल काचेत स्वतःची पँट अंधुक दिसत होती. तोंडात शब्द आला आणि ओठाशी अडकला. ही वेळ तो शब्द उच्चारायची नव्हती. हात आपोआप वर गेला आणि डिकीवर आपटला.

एक.

दुसरीसाठी त्याने हात उचलला, आणि काचेतून आत पाहिलं.

ड्रायव्हरच्या जागेवर पायल नव्हती. पाठमोरा पुरुष होता. पांढऱ्या शर्टाची कॉलर, मानेवर अजून पिकायला न लागलेले केस. तो डॅशबोर्डाकडे वाकला होता, अंगठा स्विचवर ठेवून. मान किंचित तिरकी, मागे कान देऊन थांबलेला. आरशात त्याचे डोळे असतील असं गंगाधरला वाटलं, आणि त्याने आरशाकडे पाहायचं टाळलं.

ती मान त्याच्या ओळखीची नव्हती. स्वतःची मान कुणाला ओळखीची असते? पण तो शर्ट प्रेमलाने होटगीला जाताना इस्त्री केलेला होता. तो दोन वर्षं कपाटात खालच्या कप्प्यात घडी घालून ठेवला होता, धुतल्यावरही डाग राहिलेला.

हात वरच होता. तळवा खाली वळलेला. आतला माणूस वाट बघत होता. एक थाप त्याला मिळाली होती. दुसरी ऐकली की तो दार उघडून उतरणार, मागे येणार, आणि मग त्याला सगळं कळणार.

रस्त्यावरून लांबून ट्रॅक्टरचा आवाज येऊ लागला.

गंगाधरच्या खांद्यात कळ आली. हात खाली यायला हवा होता, तो आपटायलाच वर गेला होता. त्याने तो खाली आणला, पण अगदी हळू, बोटं आधी, मग तळवा, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवावा तसा. पत्रा वाजला नाही.

आतल्या माणसाची मान सैल झाली. त्याला पुरलं होतं.

ट्रॅक्टर शेडच्या मागून जवळ आला, पत्रे थरथरले, आणि आवाज पुढे निघून गेला.

६

"बाबा?"

पायल घराच्या दारात उभी होती. हातात पाना.

"मागे काय करताय अंधारात? मी पाना शोधत होते. बॅटरीची तार तर सुटीच आहे, बघितलीत का? स्विच दाबून काय होणार होतं?"

गंगाधरने तिच्याकडे पाहिलं, मग काचेतून आत. सीट रिकामी होती.

"सुटी?"

"सुटी म्हणजे सुटीच. तुम्ही जोडली नाही वाटतं." ती पुढे जाऊन वाकली, बोनेट उघडलं. "किती विसरता हो हल्ली."

मग बरोबर. बॅटरी जोडलेली नसेल तर दिवा कसा लागणार? त्याने आत्ता जे पाहिलं ते आजच्या गाडीचं होतं, तारेचं होतं. त्यातून त्या संध्याकाळचं काही कळत नव्हतं. हे त्याने मनाशी पुन्हा म्हटलं. मग खटका कुणी दिला, हा प्रश्न त्याने मनात येऊ दिला, आणि पुढे काही न करता तसाच ठेवला.

"झालं," पायल म्हणाली. दार उघडून ती आत बसली. यावेळी त्याने तिला बसताना पाहिलं, तिची वेणी, निळा कुर्ता. "आता दाबते हं. पूर्ण रेटायचा ना?"

"पूर्ण रेट."

खटका झाला आणि भिंत एकदम तांबडी झाली. तो त्या उजेडात उभा होता. हात तांबडे, शर्ट तांबडा. डिकीवर ग्रीसचे दोन पंजे होते. एक ठसठशीत. त्याच्या शेजारी दुसरा, जेमतेम उमटलेला. दोन्हींच्या करंगळ्या वाकड्या.

म्हणजे त्या संध्याकाळी आपण आत बसून ऐकली ती थाप कुणाची? आणि जी ऐकली नाही, ती पडायचीच राहिली, की कुणी आपल्याला वाचवायला हात अलगद टेकवला? बार्शीच्या बाईने, नाही म्हणायचं नसतं म्हणून? की त्याचा स्वतःचाच हात होता तो, आत्ताचा? त्याला नीट लावता येईना. एक टोक धरलं की दुसरं सुटत होतं. एवढंच त्याला ठाऊक होतं, की दुसरी थाप देण्याची वेळ आली तेव्हा ती दिली गेली नाही. ती का दिली गेली नाही हेही आता त्याला ठाऊक होतं, आणि त्या संध्याकाळी दिवा लागला नव्हता, हेही त्यातून कळून चुकलं होतं.

खिशातून फडकं काढून त्याने दोन्ही पंजे पुसले. दुसरा लगेच गेला.

"बाबा, लागला का?" आतून पायलने विचारलं.

त्याने डिकीवर थाप दिली.

ती थोडी थांबली. लहानपणी मागच्या सीटवर बसून थांबायची तशी. मग तिचा आवाज आला, जपून, जरासा घाबरलेला.

"एकच ना?"

गंगाधरने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"एकच," तो म्हणाला.